पाणी शहराला, डॉक्टर गावाला

इंदूरच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर हातोद नावाचं गाव आहे. गोव्यातल्या वाचकाने हे नाव ऐकलेलं असायचं काही कारण नाही. माळव्याची काळी जमीन, गव्हाची आणि सोयाबीनची शेतं, बाजारपेठ, तहसील कचेरी, एवढंच. पण या गावाच्या परिसरात गंभीर नदीवर एक मोठा तलाव आहे, यशवंतसागर. होळकरांच्या राजवटीत १९३९ साली तो बांधला गेला, आणि बांधण्यामागचं कारण एकच होतं : इंदूर शहराला पाणी हवं होतं. आज तो पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. २०२२ साली त्याला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला आणि सारस क्रौंच बघायला लोक जाऊ लागले. पण मुळात तो शहराच्या नळांसाठी होता. १९७८ साली नर्मदेचं पाणी येईपर्यंत इंदूरची तहान भागवण्यात त्याचा फार मोठा वाटा होता.

आपल्याला हे नवीन नाही. खांडेपारच्या ओपाहून पणजीला पाणी जातं, साळावलीचं पाणी मडगाव-वास्कोला जातं. गावाकडून शहराला पाणी जाणं ही जगाची रीतच आहे. माझ्या मनात प्रश्न आला तो उलट दिशेचा. शहराकडून गावाला काय आलं? आणि कधी आलं? स्वच्छ पाणी हे आरोग्याचं पहिलं औषध मानलं, तर ते औषध हातोदच्या शेजारून शहराला पोचवलं गेलं. मग शहरातला डॉक्टर, नर्स, लस, मलेरियाची गोळी हे सगळं हातोदसारख्या गावाकडे कसं निघालं? विसाव्या शतकाच्या मध्यावर आपल्या देशात गावोगावी जी आरोग्यसेवा उभी राहिली तिची गोष्ट या एका प्रश्नातून नीट समजते, असं मला वाटतं.

आधी शहराकडे बघू. इंदूर हे होळकरांचं, म्हणजे मराठी दरबाराचं शहर. शेजारीच इंग्रजांची रेसिडेन्सी. या दोन सत्तांच्या मधे वैद्यकाची बरीच सोय झाली. १८७८ साली रेसिडेन्सीत वैद्यकीय शाळा निघाली, तीच पुढे किंग एडवर्ड मेडिकल स्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली. १८८४ साली कॅनडाच्या प्रेसबिटेरियन मिशनच्या डॉ. एलिझाबेथ बीटी इंदूरला आल्या आणि बायकांसाठी दवाखाना सुरू झाला. पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायलाही बायका तयार नसत त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

मग प्लेग आला. १८९६ साली मुंबईत दिसलेली ही साथ हळूहळू सगळीकडे पसरली. इंदूरलाही तिने पुन्हा पुन्हा गाठलं. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं आणि १९१८ साली त्याचा दोन खंडांचा अहवाल दरबारापुढे आला. हा माणूस विलक्षण होता. प्लेग घालवायला घरं पाडायची नाहीत, साफ करायची, असं त्याचं म्हणणं. त्याने काय केलं, तर दिवाळीच्या सुमारास एक मिरवणूक काढवली. ज्या भागातले लोक घरं-रस्ते सर्वांत स्वच्छ ठेवतील तिथून मिरवणूक जाणार, अशी दवंडी. मग काय, अख्खं शहर झाडलोटीला लागलं! मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता. शहराचे सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, सजवलेले झाडू खांद्यावर घेऊन मानाने चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदराचं दहन झालं आणि लोकांना तुळशीची रोपं वाटली. आपल्याकडे दिवाळीच्या पहाटे नरकासुर जाळतात, त्यामुळे गेडिसची युक्ती आपल्याला चटकन कळते. लोकांच्या सणात शिरून त्याने आरोग्य सांगितलं.

इंदूरची आणखी एक देणगी फारशी कोणी आठवत नाही. १९२४ साली तिथे शेतीसंशोधनाची एक संस्था सुरू झाली. तिचा प्रमुख अल्बर्ट हॉवर्ड आणि त्याचा सहकारी यशवंत वाड यांनी कचऱ्यापासून खत करायची जी रीत बसवली ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. १९३१ साली दोघांच्या नावाने पुस्तक निघालं. पुढे जॅक्सन आणि वाड यांनी हीच रीत माणसाच्या मैल्याला लावून दाखवली. ढीग नीट रचला, वेळच्या वेळी परतला, तर आत एवढी उष्णता तयार होते की माश्यांच्या अळ्या आणि रोगजंतू टिकत नाहीत. पटकी, हगवण, विषमज्वर हे सगळे विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जाणारे रोग. तेव्हा खताचा हा खड्डा दवाखान्याइतकाच महत्त्वाचा होता. यशवंत वाड या मराठी माणसाचं नाव आज किती जणांना माहीत आहे, कोण जाणे.

म्हणजे १९४० च्या आसपास इंदूर शहराकडे वैद्यकीय शाळा, इस्पितळं, नगररचनेचा अहवाल आणि धरणाचं पाणी एवढं सगळं होतं. आणि गावांकडे? वैद्य, दाई आणि वर्षातून कधीतरी येणारा देवी काढणारा. देवीची लस १८०२ सालीच मुंबईत पोचली होती, त्यामुळे सरकारी आरोग्यखात्याचा खेड्यातला सर्वांत जुना माणूस कोण, तर हा टोचणीवाला. आया मुलं लपवत, म्हातारी माणसं देवीचा कोप होईल म्हणून भांडत, आणि तो बिचारा वही काखोटीला मारून पुढच्या गावाला जाई. बाकी आजार गंभीर झालाच तर बैलगाडी जुंपायची आणि शहर गाठायचं. पोचेपर्यंत रोगी टिकला तर नशीब.

ही अवस्था एकट्या माळव्याची नव्हती. १९४३ साली ब्रिटिश सरकारने देशाच्या आरोग्याची पाहणी करायला एक समिती नेमली. अध्यक्ष होते सर जोसेफ भोर. नाव साहेबी वाटतं, पण माणूस जन्माने नाशिकचा आणि शिकला पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १९४६ साली समितीचा अहवाल आला. त्यातले आकडे वाचताना आजही अंगावर काटा येतो. जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १६२ मुलं वर्षाच्या आत दगावत (हा १९३७ चा आकडा). सरासरी आयुष्य सत्तावीस वर्षांचं. एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मे दहा वर्षांखालच्या मुलांचे. आणि उपचाराला माणसं किती? साधारण सहा हजार लोकांमागे एक डॉक्टर, तोही बहुधा शहरात. त्रेचाळीस हजारांमागे एक नर्स. शिकलेल्या सुइणी अख्ख्या देशात पाच हजार.

भोर समितीने याला जे उत्तर दिलं त्यातूनच आपलं 'प्राथमिक आरोग्य केंद्र' जन्माला आलं. समितीचं म्हणणं असं की रोग बरा करणं आणि रोग होऊ न देणं ही दोन कामं वेगळी ठेवू नका. एकाच ठिकाणाहून, एकाच पथकाने दोन्ही करायची. आणि खिशात पैसे नाहीत म्हणून कोणाला परत पाठवायचं नाही. अगदी सुरुवातीची, तडजोडीची योजनासुद्धा अशी होती : चाळीस हजार वस्तीला एक केंद्र आणि त्यात दोन डॉक्टर, एक नर्स, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार सुइणी, चार प्रशिक्षित दाया, दोन स्वच्छता निरीक्षक, दोन आरोग्य सहायक, एक औषधनिर्माता आणि पंधरा इतर कर्मचारी. यादी पुन्हा एकदा वाचा. दोनच डॉक्टर, पण बायकांच्या आणि बाळंतपणाच्या कामाला तब्बल डझनभर बायका! खेड्यात आरोग्य म्हणजे आधी आई आणि मूल, हे समितीने पक्कं ओळखलं होतं.

प्रत्यक्षात काय झालं? स्वातंत्र्य आलं, फाळणी झाली, तिजोरी रिकामी. १९४८ साली होळकरांचं राज्य मध्य भारतात विलीन झालं आणि १९५६ साली मध्य भारत मध्य प्रदेशात गेला. शहरात मोठी कामं झाली. इंदूरला १९४८ साली महात्मा गांधींच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय निघालं आणि पन्नासच्या दशकात महाराजा यशवंतराव रुग्णालयाची टोलेजंग इमारत उभी राहिली. आजही सगळा माळवा-निमाड 'एम. वाय.' म्हणून तिच्याकडे धावतो. गावांसाठी मात्र २ ऑक्टोबर १९५२ ला सुरू झालेली सामुदायिक विकास योजना हा रस्ता ठरला. प्रत्येक विकास गटाला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. पण गट म्हणजे शंभरेक गावं आणि साठ हजारांहून अधिक वस्ती. दोन डॉक्टरांच्या जागी एक, आणि बाकीची यादीही त्याच मापाने आखडलेली. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीस अशी जेमतेम सातशे केंद्रं सगळ्या देशात होती. भोरांनी शिवलेला अंगरखा कापून त्याचं बंडीत रूपांतर झालं, असं म्हणावं लागेल.

तरी त्या बंडीनेही ऊब दिली, हे कबूल करायला हवं. इंदूरच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कस्तुरबा १९४४ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्धतेत वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी एक कोटीहून जास्त रुपये जमवले. गांधीजींची अट अशी की हा पैसा खेड्यातल्या बायका-मुलांसाठीच वापरायचा. या कस्तुरबा ट्रस्टचं मुख्य ठिकाण पुढे इंदूरजवळ झालं, तेच कस्तुरबाग्राम. तिथे खेड्यातल्याच मुलींना, पुष्कळदा विधवा आणि परित्यक्तांना, ग्रामसेविका म्हणून तयार करत. बाळंतपण, बाळाची निगा, स्वच्छता, बालवाडी असं शिकून त्या खेड्यात जाऊन राहत. सरकारनेही १९५१ पासून सहायक परिचारिका-सुईण, म्हणजे जिला आपण ए.एन.एम. म्हणतो, तिचं शिक्षण सुरू केलं होतं. जुन्या दायांना बोलावून हात धुवायला, नाळ उकळलेल्या पातीने कापायला शिकवलं जाऊ लागलं. आपल्याकडच्या वयजिणीही हेच काम पिढ्यान् पिढ्या करत होत्या. नाळ कापायच्या विळ्यातून धनुर्वात शिरतो आणि आठवडाभराचं मूल आखडून जातं, हे एकदा कळलं की पाण्याचं एक भांडं चुलीवर ठेवण्याने केवढा फरक पडतो! यात ना मोठी इमारत ना यंत्र. एक बाई, एक पेटी आणि घरोघर पायी चालणं.

आणि मग आला डी.डी.टी. ही गोष्ट आपल्या अगदी शेजारून सुरू होते. १९४६ साली मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी कारवार आणि धारवाड जिल्ह्यांतल्या खेड्यांत घराच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारायचा मोठा प्रयोग केला. युक्ती साधी होती. मलेरियाचा डास रक्त प्यायला की जड होतो आणि जवळच्या भिंतीवर विसावतो. तीच भिंत विषारी करून ठेवायची. डास सगळे मारायची गरज नाही, चावलेला डास दुसऱ्या माणसापर्यंत पोचता कामा नये, एवढं पुरे. काणकोणच्या हद्दीपलीकडे हे चाललं होतं तेव्हा गोव्यात पोर्तुगीज राज्य होतं. या प्रयोगाच्या यशावर १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम निघाला आणि १९५८ साली त्याचं नाव 'निर्मूलन' झालं. पाठीवर पंप घेतलेली माणसं देशातल्या लाखो गावांत शिरली. ज्या गावाने कधी डॉक्टर बघितला नव्हता त्याने मलेरियावाला बघितला.

मुक्तीनंतर तो आमच्याकडेही आला. माझ्या लहानपणी घराच्या दाराआडच्या भिंतीवर चौकटींचा एक तक्ता छापलेला होता. ठरावीक दिवसांनी खाकी कपड्यांतला माणूस यायचा, "कोणाक जोर येता?" म्हणून विचारायचा. कोणाला ताप असला तर बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायचा आणि जाताना तक्त्यात तारीख घालून सही करायचा. आम्हां पोरांना त्या सुईची भीती आणि त्या तक्त्याचं कुतूहल. भिंत सारवली तरी आजी तो तक्ता पुसू देत नसे. सरकारचा आहे, म्हणायची. आज कळतं की तो तक्ता म्हणजे आमच्या घराचा आणि सरकारच्या आरोग्यखात्याचा पहिला लेखी संबंध होता.

परिणाम काय झाला? स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि आठ लाख माणसं मरत, असा अंदाज आहे. १९६५ साली रुग्णांचा आकडा एक लाखाच्या आसपास आला. साडेसात कोटींवरून एक लाख! आपल्या इतिहासात इतकं मोठं यश इतक्या कमी वेळात क्वचितच कोणाला मिळालं असेल.

आणि नेमकं इथेच पाणी मुरलं. फवारणी ही मोहीम होती. मोहीम म्हणजे बाहेरून येणार, काम करणार आणि निघून जाणार. ठरलं असं होतं की मलेरिया खाली आला की पथकं काढून घ्यायची आणि पुढचं लक्ष ठेवायचं काम प्राथमिक आरोग्य केंद्रांनी करायचं. पण शंभर गावांना एक डॉक्टर आणि मोजक्या नर्स असलेलं केंद्र ते करणार कसं? कुठे केंद्रच नाही, कुठे जागा रिकामी, कुठे रक्ताच्या काचा तपासणीविना पडून. त्यात डासांना डी.डी.टी.ची सवय झाली, परदेशातून येणारी मदत आटली, आणि 'मलेरिया गेला' म्हणून सगळेच निर्धास्त. १९७६ साली देशात चौसष्ट लाखांवर रुग्ण नोंदले गेले. दहा-अकरा वर्षांत लाखाचे चौसष्ट लाख.

भोर समितीच्या यादीतली जी माणसं पन्नासच्या दशकात काटकसर म्हणून कमी केली, त्यांची किंमत देशाने अशी मोजली. देवीच्या बाबतीत निभावलं, कारण देवीची लस एकदा टोचली की वर्षानुवर्षं काम करते आणि रोगी लपत नाही, चेहऱ्यावरच दिसतो. १९७५ साली देशातला शेवटचा रुग्ण झाला आणि १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला. मलेरिया तसा नाही. तो दर पावसाळ्यात दार ठोठावतो. त्याला मोहीम पुरत नाही, कायमचा राखणदार लागतो.

आता थोडं आपल्या घरात डोकावू. गोव्याला डॉक्टरांची वाण कधीच नव्हती. आपली 'इश्कोल मेदिका' १८४२ ची, आशियातल्या सर्वांत जुन्या वैद्यकीय शाळांपैकी एक. पण तिथून शिकलेले कितीतरी दोतोर पोर्तुगीज सरकारने मोझांबिक, अंगोला अशा वसाहतींत धाडले. सत्तरी-सांग्याच्या डोंगराळ भागातला माणूस मात्र ताप अंगावर काढत राहिला. हातोदचं पाणी जसं इंदूरला, तसा गोव्याचा दोतोर आफ्रिकेला! फ्रॉयलानो दि मेलोंसारख्या जाणकार जंतुशास्त्रज्ञाने मलेरियावर, क्षयावर, कुष्ठरोगावर फार मोलाचं काम केलं, ते विसरता येणार नाही. पण तालुक्याच्या गावापलीकडे घराघरांत जाणारी सेवा खऱ्या अर्थाने रुजली ती १९६१ नंतर, प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं निघाल्यावर. १९६३ साली त्याच जुन्या शाळेचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय झालं, आपलं गोमेकॉ.

मलेरियाने मात्र आपल्यालाही धडा दिलाच. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत नव्या इमारतींचं पेव फुटलं. बांधकामाच्या साचलेल्या पाण्यात डास आणि झोपड्यांत परप्रांतातून आलेले, अंगात ताप घेऊन आलेले मजूर. राजधानीत मलेरिया परतला. ज्या रोगराईमुळे जुनं गोवें ओस पडलं आणि राजधानी पणजीला आली, तोच ताप पणजीला! पुढे सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती होऊन बांधकाम मजुरांची रक्ततपासणी आणि आरोग्य कार्ड सक्तीचं झालं. तेही काम शेवटी कोणी केलं? मोठ्या इस्पितळाने नव्हे. आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्यांनी, बांधकामांवर हिंडून, टाक्यांत डोकावून.

इतिहास लिहिताना आपण इमारती मोजतो, कारण त्यांना कोनशिला असते, उद्घाटनाची तारीख असते, राजाचं नाव असतं. यशवंतराव होळकरांचं नाव तलावालाही आहे आणि रुग्णालयालाही. ते योग्यच आहे. पण हातोदच्या वाटेवरून पहिल्यांदा पेटी घेऊन गेलेल्या नर्सबाईंचं नाव कुठल्या पाटीवर असणार? देवी काढणारा, फवारणीवाला, रक्ताच्या काचा गोळा करणारा, यांची कोनशिला नसते. त्यांचा इतिहास नोंदवह्यांत असतो, आणि नोंदवह्या वाळवीच्या स्वाधीन होतात. खेड्यापाड्यांत वाचलेली लाखो मुलं मात्र या माणसांमुळे वाचली.

आज हातोदला सरकारी आरोग्य केंद्र आहे आणि इंदूरला नर्मदेचं पाणी आहे. २०१७ पासून वर्षानुवर्षं इंदूर देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून पहिला नंबर पटकावत आलं. गेडिसला आनंद झाला असता. पण माझ्या लेखी आरोग्यसेवेची खरी मोजणी शहराच्या नंबरात नाही. २००५ नंतर 'आशा' नावाने गावोगाव जी बाई दारोदार फिरते आहे तिला मानधनावर ठेवून आपण पुन्हा तीच काटकसर करतो आहोत. भोरांची यादी कापली तेव्हा काय झालं हे आपल्यासमोर आहे. शहरात आणखी एक मजला चढवायला पैसे मिळतात. उपकेंद्रातली रिकामी जागा भरायला मात्र फाईल वर्षभर फिरते.

तुमच्या घरात कोणी जुनं माणूस असेल तर त्यांना विचारून बघा, गावात पहिली नर्स कधी आली, देवी कोणी काढल्या, मलेरियाचा तक्ता कुठल्या भिंतीवर होता. आणि ते लिहून ठेवा. हातोद असो वा हरमल, ही आठवण सांगणारी पिढी आता फार दिवस आपल्यात असणार नाही.